काही न येणाऱ्या बाईची खुर्ची

पास्कुआलिनासाठी पालक निवडून, उकडून, पिळून झाला होता. कणकेची एक पातळ पोळी भट्टीच्या ताटात अंथरली होती, दुसरी ओल्या फडक्याखाली वाट बघत होती. भाजीत सहा खळगे करून त्यात सहा अंडी फोडायची तेवढी राहिली होती. तीन फोडून झाली, चौथं हातात होतं, आणि फोन वाजला.

एल्बिया तेचेराने अंडं वाटीत ठेवलं, हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि फोन घेतला. हेबर कुर्बेलो, ती काम करायची त्या कंपनीचा मालक; तिला तो मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणे. एरवी "जेवलात का, विल्मारचा गुडघा काय म्हणतो" असं विचारल्याशिवाय हा माणूस मुद्द्याला हात घालत नसे.

"दोन्या एल्बिया, आज येता येईल का?"

"शुक्रवारी मी येत नाही, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे. म्हणून तर विचारतोय."

"झालं तरी काय?"

"या तर खऱ्या. फोनवर नको."

मुलगा चांगला होता हेबर, पण त्याला वाईट बातमी सांगता येत नसे. कोणाला कामावरून कमी करायचं असलं की तो आदल्या दिवसापासूनच त्या माणसाला दार उघडून देऊ लागे, खुर्ची पुढे सरकवू लागे. एल्बियाने हे नऊ वर्षांत चारदा पाहिलं होतं. आजचा त्याचा आवाज खुर्ची पुढे सरकवणारा होता.

"विल्मार," तिने हाक मारली, "तीन अंडी फोडायची राहिलीत."

विल्मार, तिचा नवरा, ओसरीवर गुडघ्याला गरम पिशवी लावून बसला होता. "मी? अगं, चाळीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली मी. अंडी नाही फोडली."

"तिकीट फाडणाऱ्याला अंडं फोडता येतं. एकेका खळग्यात एकेक. वर ती पोळी घाल, कडा मुरड, काट्याने टोचे मार आणि पाऊण तास भट्टीत ठेव. अर्धी पास्कुआलिना देल्मिराची आहे, ती कापून बाजूला ठेव. पालक तिच्याच परसातला आहे."

देल्मिरा म्हणजे विल्मारची थोरली बहीण. लास पिएद्रासला एकटी राहते. मोबाइलवर हिरव्या बटणापलीकडे दुसरं बटण तिने कधी दाबलेलं नाही, आणि वीज कडाडली की टीव्हीचाच नव्हे तर फ्रिजचाही प्लग काढून ठेवते.

"तिला काय, ती सगळीच खाईल," विल्मार म्हणाला आणि उठला.

ईस्टरआधीच्या उपासांतला, मांस वर्ज्य असलेला शुक्रवार होता; पवित्र आठवडा दोन दिवसांवर आला होता. समोरच्या अंगणात मात्र शेगडीवर बरगड्या चढल्या होत्या आणि त्यांचा धूर सरळ एल्बियाच्या स्वयंपाकघरात येत होता. सरकारने पवित्र आठवड्याला 'पर्यटन सप्ताह' म्हणायला सुरुवात केली त्याला शंभर वर्षं झाली. शेजारी तंबू झटकत होते, गळ तपासत होते. एल्बिया कोणाशी वाद घालत नसे. नाव काहीही ठेवा, आठवडा यायचा त्याच दिवशी येतो, एवढंच तिचं म्हणणं. तिने केस नीट केले, पर्समधली जपमाळ चाचपली आणि बस गाठली.

एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, तीन मुली वाढवल्या, सासू शेवटपर्यंत सांभाळली. कुठल्याही फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात तिने तेहेतीस वर्षं 'घरकाम' लिहिलं. धाकटी मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा रिकाम्या घरात करमेना, म्हणून ती दर शुक्रवारी एम्पानादा, म्हणजे सारण भरून भाजलेल्या करंज्या, करून विकू लागली. आग्वादा भागात लोकरीचं एक जुनं गोदाम होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर हेबरची कंपनी नुकतीच थाटली होती. नाव 'काचिला'. काचिला म्हणजे जुनी खटारा गाडी, जिचं बॉनेट उघडून मालकानेच दुरुस्ती करायची. हेबरचं सॉफ्टवेअर तशाच जातीचं होतं. बेकरीवाला, दवाखान्यातली कारकून, गोदामाचा मुकादम, ज्यांना प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही, अशांनी पडद्यावरचे तयार ठोकळे ओढायचे, एकमेकांना जोडायचे आणि आपल्या कामाचं अॅप आपणच उभं करायचं.

एका शुक्रवारी हेबरने टोपलीतला एम्पानादा उचलता उचलता तिला विचारलं होतं, "एवढ्या जणांच्या ऑर्डरी लक्षात कशा ठेवता?"

"वहीत."

"बसा इथे. वीस मिनिटांत तुमचं ऑर्डरचं अॅप तुम्हीच बनवाल."

ती बसली. तिसऱ्या पानावर मशीनने विचारलं, कोणते रकाने सक्तीचे? एल्बिया म्हणाली, "सक्ती कसली आलीय? ज्याला भूक असेल तो घेईल." मागे कोणीतरी हसलं. पाचव्या पानावर तिने माऊस खाली ठेवला आणि म्हणाली, "दूध चुलीवर ठेवून आलेय मी," आणि टोपली उचलून निघून गेली. दूधबीध काही नव्हतं. रस्ताभर तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी हेबर पत्ता शोधत घरी आला. तो आपल्या पोरांना काय म्हणाला होता ते तिला नंतर कळलं. "ही बाई चाळीस जणांच्या ऑर्डरी वहीत ठेवते आणि एकही चुकत नाही. तिला आपलं मशीन कळलं नाही, तर बिनडोक ती नाही, आपण आहोत." तिला मात्र तो एवढंच म्हणाला, "दोन्या एल्बिया, मला काही न येणारं माणूस हवंय."

"मग बरोबर दारात आलास," विल्मार म्हणाला होता. त्या रात्री त्याला सूप गार मिळालं.

तेव्हापासून कंपनीत एक नेम पडला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार झाली की 'एल्बियाची बैठक' व्हायची. खिडकीजवळच्या खुर्चीत ती बसायची. हातात एक चिठ्ठी दिली जायची, त्यावर साधं काम लिहिलेलं: शाळेच्या वाचनालयाची नोंद करा, न्हाव्याच्या दुकानाच्या वेळा लावा. मागे तीन इंजिनिअर बसायचे. त्यांनी अवाक्षर काढायचं नाही, फक्त माते, म्हणजे एकाच पेल्यातून फिरणारा कडू पाल्याचा चहा, भरायचं आणि पुढे करायचं. ती अडली की त्यांनी लिहून घ्यायचं, कुठे अडली. माते परत देताना ती "धन्यवाद" म्हणाली म्हणजे आता पुरे, काम झालं, आवृत्ती पास. नुसताच पेला परत आला तर सगळे समजायचे, अजून बरंच निस्तरायचंय.

टेबलावर तिने संत पांक्रासिओची छोटी मूर्ती ठेवली होती, कामाधंद्याचा संत तो, आणि त्याच्यापुढे रोज पार्सलीची, म्हणजे कोथिंबिरीसारख्या पाल्याची, ताजी काडी. पोरं चिडवायची.

"काय दोन्या, संताने मंजुरी दिली का या महिन्याला?"

"संताने कधीच दिली. मी अजून दिली नाही."

'मला नाही समजलं' हे वाक्य तिने आयुष्यभर खाली मान घालून म्हटलं होतं. बँकेत, मुलींच्या शाळेत, डॉक्टरकडे. या खोलीत ते वाक्य म्हटलं की तिघे जण मान खाली घालून लिहून घेत. मागच्या जनगणनेत 'व्यवसाय'च्या रकान्यात तिने पहिल्यांदा दुसरं काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विल्मारलाही दाखवलं नाही.

बस गोदामापाशी थांबली. वर गेली तर हेबर दारातच उभा. त्याने दार उघडून धरलं. मग खुर्ची पुढे सरकवली.

एल्बिया बसली. "सांग."

खोलीत मिकाएला होती, इंजिनिअरांमधली सगळ्यात धाकटी, बैठकीत नेहमी माते भरणारी. आज थर्मास बंदच होता.

"पासो देल तालार म्हणून गाव आहे," हेबर म्हणाला. "तिथल्या दवाखान्याची व्हॅन रुग्णांना जिल्ह्याच्या गावी डायलिसिसला नेते. कोण, कुठून, किती वाजता, ही सगळी यादी तिथल्या सेक्रेटरीने आपल्या मशीनवर बनवलीय. ओदिला सिल्वेइरा नाव तिचं. एकटीने बनवली, कोणाला न विचारता."

"बरं."

"एक ड्रायव्हर सुट्टीवर निघाला, म्हणून तिने पाच जणांच्या फेऱ्या बुधवारच्या मंगळवारवर आणल्या. सगळ्यांना निरोप पोचवला. मशीनवर वेळा बदलल्या, 'जतन करा' दाबलं, मशीन बंद केलं. वेळा जतन झाल्याच नव्हत्या. मंगळवारी व्हॅन जुन्या यादीने गेली."

एल्बियाचा हात पर्सवर गेला. "आणि माणसं?"

"चौघांनी दवाखान्यात फोन केला. पाचवे अपारिसिओ आजोबा, चौऱ्याहत्तर वर्षांचे, त्यांच्याकडे फोन नाही. पहाटे पाचपासून आठपर्यंत रस्त्यावर फाटकाशी उभे होते. शेवटी शेजाऱ्याने पिकअपमधून नेलं. बरे आहेत आता."

"नक्की?"

"नक्की. मी स्वतः दवाखान्यात फोन केला होता."

एल्बियाने डोळे मिटून क्षणभर ओठ हलवले. मग ती म्हणाली, "ती आवृत्ती मी पास केली होती."

"हो."

"मी केलं तेव्हा जतन झालं होतं. वेळा बदलायचंच काम होतं चिठ्ठीवर. मला आठवतंय. न्हाव्याचं दुकान."

हेबर मिकाएलाकडे बघू लागला. मिकाएलाने लॅपटॉप वळवला. बैठकीत पडद्यावर जे काही होई ते सगळं साठवलेलं असे. तिने ते लावलं.

न्हाव्याचं दुकान आलं. एल्बियाच्या माऊसचा बाण रकान्यात गेला, वेळ बदलली. मग बाण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात गेला, जिथे काहीच नव्हतं, आणि तिथे एक क्लिक झालं. मग बाण 'जतन करा'वर गेला. पुढची वेळ. पुन्हा रिकाम्या कोपऱ्यात क्लिक. पुन्हा 'जतन करा'.

"हे काय आहे, दोन्या?" मिकाएलाने हळूच विचारलं.

"काय?"

"कोपऱ्यातलं."

"मी नाही ते केलं."

"अकरा वेळा केलंय."

एल्बिया बघत राहिली. हात तिचाच होता, यात शंका नव्हती. पुढच्या अंड्याआधी हात पुसावेत, पोळी उलटण्याआधी बोटांचं पीठ झटकावं, तसा तो बाण दरवेळी कोपऱ्यात जाऊन येत होता. मागे कधीतरी, पाच-सहा वर्षांपूर्वी, रकान्याबाहेर कुठेतरी क्लिक केल्याशिवाय मशीन नवीन वेळ धरत नसे. तेव्हा ती अडली होती, पोरांनी दुरुस्त केलं होतं, पण तोवर हाताला सवय लागून गेली. नव्या आवृत्तीत तो दोष पुन्हा कुठूनसा आला. आणि तिच्या हाताने तो झाकून टाकला.

"आम्ही तिघे मागे बसलो होतो," मिकाएला म्हणाली. "आम्हीही तसंच क्लिक करतो. कोणाला दिसलंच नाही. ओदिलाबाईंनी नाही केलं, कारण त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं."

"आवृत्ती आम्ही मागे घेतली," हेबर म्हणाला. "दोष आमचा आहे, दोन्या एल्बिया. हे आधी सांगतो."

"दोष कोणाचा ते राहू दे. तू मला काय सांगायला बोलावलंस ते सांग."

हेबरने टेबलावरची पार्सलीची काडी उचलली, पुन्हा ठेवली.

"मग मीच सांगते," एल्बिया म्हणाली. "मला आता येतं. तुला काही न येणारं माणूस हवं होतं, आणि मला येतं. विरजण लागलेलं दूध परत दूध होत नाही. होय ना?"

"तुम्हाला काढून टाकायचं असं मी..."

"पोरा, दार उघडून धरलंस तू माझ्यासाठी."

मिकाएला हसू दाबत खाली बघू लागली. हेबरचे कान लाल झाले.

एल्बियाने त्याला पुढे बोलू दिलं नाही. "त्या बाईचा नंबर दे. आधी तिच्याशी बोलते."

"कशाला? आम्ही पत्र पाठवलंय. दिलगिरीचं."

"पत्र तू पाठवलंस. पास मी केलं होतं."

फोन लागला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता आणि एक दबलेला बायकी आवाज.

"मी काचिलातून एल्बिया बोलतेय. तुमच्या फेऱ्या ज्या आवृत्तीत हरवल्या, ती मी तपासली होती. चूक माझ्या हातून निसटली. अपारिसिओ आजोबा उभे राहिले ते माझ्यामुळे."

मग ओदिला म्हणाली, "मला वाटलं मीच काहीतरी दाबलं. डॉक्टर म्हणालेच, तुला मशीन देऊ नये. नवराही म्हणतो. मी मंगळवारपासून ते उघडलंच नाही, बाई. पुन्हा वहीत लिहितेय."

"तुम्ही सगळं बरोबर केलं होतं. वेळ बदलली, जतन केलं. माणसाने तेवढंच करायचं असतं."

"खरंच?"

"मी नऊ वर्षांपूर्वी त्याच मशीनसमोरून उठून पळाले होते. दूध चुलीवर आहे म्हणून. चूल बंद होती."

पलीकडे ओदिला हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला. "माझ्याकडे लिंबाचा मुरंबा आहे, पाठवू का?"

"आधी ती यादी उघडा. मुरंबा नंतर. आणि डॉक्टरांना सांगा, मशीन बनवणाऱ्यांनीच फोन केला होता आणि चूक त्यांची निघाली. अस्संच सांगा, सगळ्यांसमोर."

फोन ठेवून एल्बियाने रुमालाने नाक पुसलं. मग पांक्रासिओची मूर्ती उचलली. हेबरला वाटलं, आता ती पर्समध्ये टाकणार. तिने ती खिडकीजवळच्या टेबलावरून काढून मागच्या बाकावर ठेवली, जिथे तिघे इंजिनिअर बसत.

"त्या खुर्चीत आता मी नको," ती म्हणाली. "त्यात कोणीतरी दर वेळी नवीन बसेल, जिला काही येत नाही. एकीला तीन बैठका. चौथ्या वेळेला तिचा हात शिकलेला असेल, मग दुसरी आणायची. मी मागे बसेन. हात मांडीवर ठेवून."

"मागे बसून काय करणार?" हेबरने विचारलं.

"तुम्ही तिघे काय करत होतात?"

मिकाएला आता उघड हसली. "माते भरत होतो, दोन्या."

"तेच तर. बाई अडली की तुम्हाला कुठे अडली एवढं कळतं. ती उठून का निघाली ते मला कळतं. आणि अशा बायका आणणार कोण? तू जाहिरात दिलीस तर ज्यांना येतं त्याच येतील. ज्यांना येत नाही त्या जाहिरात वाचून म्हणतात, हे आपल्यासाठी नाही."

हेबरने खिडकीबाहेर पाहिलं. मालवाहू गाड्यांचा आवाज येत होता. "मी हो म्हणत नाही," तो शेवटी म्हणाला. "सोमवारी एक माणूस आणा. दुरुस्त केलेली आवृत्ती तिच्यासमोर ठेवू. तिने काही दाखवलं जे आम्हाला दिसलं नाही, तर मागची जागा तुमची. नाही दाखवलं, तर..."

"तर दार माझं मी उघडेन," एल्बिया म्हणाली.

मिकाएलाने थर्मासचं झाकण उघडलं, माते भरलं, पुढे केलं. एल्बियाने प्यायलं आणि पेला परत दिला. काही न बोलता.

घरी पोचली तेव्हा पास्कुआलिना ओट्यावर निवत होती. वरची पोळी एका बाजूला सरकलेली, कडा मुरडल्या कमी आणि चिमटल्या जास्त. एका ठिकाणी डोंगरासारखी वर आलेली.

"विल्मार, तिन्ही अंडी एकाच खळग्यात घातलीस?"

"तू म्हणालीस एकेक. मला वाटलं एकेक करून घालायची." तो ओसरीवरूनच बोलला. "काय म्हणाला हेबर?"

"मला येतं म्हणाला."

"नऊ वर्षांनी कळलं त्याला?" विल्मार आत आला, तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "वाईट आहे का ते?"

"सोमवारी कळेल." तिने सुरी घेतली, पास्कुआलिना मधोमध कापली. तीन अंड्यांचा डोंगर डाव्या अर्ध्यात आला. तो अर्धा तिने स्वच्छ फडक्यात बांधला. "देल्मिराने टीव्हीचा प्लग अजून काढून ठेवलेला असतो?"

"परवा म्हणत होती, आता रिमोटही पेटीत ठेवते. त्यातून वीज येते म्हणे. का गं?"

"बरं आहे," एल्बिया म्हणाली. तिने जपमाळ काढली, संध्याकाळच्या प्रार्थनेला बसण्याआधी कॅलेंडरवर उद्याच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिलं: नऊची बस, लास पिएद्रास. देल्मिराला अर्धी पास्कुआलिना द्यायची आणि सोमवारी ऑफिसात येशील का ते विचारायचं.